पावणेदोन तासांत दिल्ली
परवा पेटी आवरताना साड्यांच्या घडीत डांबरगोळीच्या वासाची एक पांढरी कागदी पट्टी सापडली आणि माझे कान पुन्हा तापले. काही वर्षांपूर्वी थोरली जाऊ लेकीच्या बाळंतपणासाठी विमानाने दिल्लीला गेली होती. विमानतळावर बॅगेला चिकटवलेली ही पट्टी तिने परत आल्यावरही काढलीच नाही. त्याच बॅगेतून ती अड्याळच्या बाजारातून वांगी आणायची आणि कुणी पट्टीकडे पाहिलं की सुरू व्हायची, “नागपूरहून दिल्ली साडेआठशे किलोमीटर, पन पावणेदोन तासात उतरली मी! तुमच्या अड्याळहून बस नागपूरले पोचेपर्यंत मी लेकीच्या घरी चहा पिऊन राहिली होती.” तुमच्या अड्याळहून! वीस वर्षं माझ्या भिंतीला लागूनच भात शिजवत होती ही बाई. एका दुपारी तिने बॅग धुऊन अंगणात वाळत घातली होती. मी विळ्याने पट्टी कापली आणि पदराखाली लपवली. “बकरीनंच खाल्ली असन,” म्हणत तिने बिचाऱ्या बकरीला दोन फटके हाणले. मी शेजारी बसून भाजी निवडत राहिले. यंदा मुलाने मलाही विमानाने दिल्लीला नेलं. खिडकीजवळ बसूनही मी ढग पाहिले नाहीत, सारखी घड्याळच पाहत होते. पूर्ण दोन तास लागले. घरी आल्यावर जावेने पहिलं तेच विचारलं, किती तास लागले. मी माझी बॅग तिच्यासमोर ठेवली, तिच्यावरची नवी पट्टी नीट वर केली आणि म्हटलं, “दीड.”