मी तळलेली उमाई

ओमानमधल्या दुक्मच्या कॅम्पात माझा रूम पार्टनर मलेशियाचा होता. वेल्डिंग तपासणारा इन्स्पेक्टर, सरावाकच्या किनाऱ्यावरचा, मेलानाऊ जमातीचा. पहिल्याच दिवशी त्यानं गावाचं नाव सांगितलं, "मुका." मी इतका हसलो की त्याला मराठीतले दोन्ही अर्थ समजावून सांगावे लागले. तो हसला नाही. "मासेमारीचं गाव आहे, ब्रदर," एवढंच म्हणाला.

मग काय, मी सुटलोच. मी मालवणचा, माशातलं मला कोणी शिकवू नये! वडील बँकेत कारकून होते आणि मी आयुष्यात होडीत बसलो तो फक्त किल्ला बघायला, तोही ओकत. पण हे त्याला कशाला सांगू?

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी तो सकाळीच जेटीवरून ताजी सुरमई घेऊन आला. कॅम्पच्या किचनमध्ये तिचे पातळ काप केले, त्यात लिंबू, कांदा, मिरची, मीठ घातलं आणि "आज माझ्याबरोबर जेव" असं सांगून आंघोळीला गेला. मी झाकण उघडून पाहिलं. हळद नाही, तिखट नाही. बिचाऱ्याला साधं मुरवताही येत नाही! मी कांदा-मिरची निपटून काढली, कापांना हळद-तिखट चोळलं आणि रव्यात घोळवून खरपूस तळले.

तो आला तो हातात बरणी घेऊन. आत भाजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे.

"आज उपास आहे का?" मी विचारलं.

त्यानं रिकामं भांडं पाहिलं. "उमाई कुठंय?"

"तळली."

"तळली?" तो स्टुलावर बसला. "ती तयार होती, ब्रदर. कच्चीच खातात."

मग त्यानं सांगितलं. होडीत चूल नसते, म्हणून त्यांचे कोळी मासा चिरून त्यावर आंबट पिळतात आणि या सागोच्या दाण्यांबरोबर खातात. दाणे माडासारख्या झाडाच्या खोडातल्या पिठाचे, बायकोनं पाठवलेले. गावी त्या दिवशी काउल होता, समुद्राला नैवेद्य द्यायचा सण. सगळं गाव नदीच्या मुखाशी जमलं असणार, उंच झोपाळा बांधला असणार. म्हणून त्यानं उमाई केली होती.

माझे कान तापले. "सॉरी," म्हणत मी तळलेल्या तुकड्यांची ताटली त्याच्यापुढे ठेवली. त्यानं चार तुकडे दाण्यांबरोबर खाल्ले. "छान झालंय," म्हणाला, "पण ही उमाई नाही." आणि खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर पोर्टा केबिनशिवाय काहीच नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मीही जेटीवर गेलो. मासा मी निवडला. त्यानं कल्ले उचलून पाहिले आणि तो परत ठेवला. किचनमध्ये मला दारापाशी उभं केलं, "हात खिशात!" पहिला घास मी डोळे मिटून गिळला. दुसरा चावला. तिसऱ्यानंतर भांडंच माझ्याकडे ओढलं.

संध्याकाळी घरी फोन केला.

"कच्चा मासा? तुम्ही?" बायको म्हणाली. "इथे पापलेट जरा नरम राहिलं तर ताट सरकवता!"

मी तिला उमाईचं शास्त्र समजावू लागलो. तिनं फोन आईच्या हातात कधी दिला ते कळलंच नाही. माझं सगळं बोलून झाल्यावर पलीकडून आईचा आवाज आला, "मेल्या, आधी डॉक्टराक दाखव जा."