छातीतून गेलेला कॅमेरा

माझ्या मुलीच्या सिनेमात कॅमेरा नायकाच्या छातीतून आरपार गेला, आणि तो मी नेला होता. दोन वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही.

सिनेमा म्हणजे व्हिडिओ गेमच्या आत केलेला. पल्लवी गेममधला किल्ला, सरदार, घोडे घेऊन स्वतःची गोष्ट रचायची. मी वरूडचा संत्रावाला. मला एकच कोडं पडायचं.

“गेममधी कॅमेरा धरते कोण?”

“कोणीच नाही, बाबा. मी हवेत ठिपके ठेवते, कॅमेरा त्याइच्यातून जाते. पाण्यावानी गेला पाहिजे. कुठी धक्का नाही.”

मी बघत बसे (आणि बागेतली मोटार तशीच चालू राही). तीन आठवडे ती ते ठिपके हलवत होती. रविवारी असेच सिनेमे करणाऱ्या तिच्या ऑनलाइन ग्रुपला दाखवायचं होतं. पसंत पडलं तर पुढच्या सिनेमाचा कॅमेरा तिच्याकडे.

शनिवारी दुपारी ती क्लासला गेली, कॉम्प्युटर चालूच. पडद्यावर वरून दिसणारा किल्ला आणि ते ठिपके. दोन एकमेकांना चिकटलेले, तिसरा मैलभर लांब, चौथा वाकडा. अशी कलमं कुणी लावली तर आमच्याकडे आख्खं गाव बांधावर येऊन हसतं. अठरा बाय अठरा फूट, दोरी धरून, सरळ ओळ! मला राहवेना. चाळीसच्या चाळीस ठिपके उचलून ओळीत लावले आणि समाधानानं चहा प्यायलो.

(ठिपके जवळ तिथं कॅमेरा हळू, लांब तिथं वेगात, आणि वाकडा ठिपका म्हणजे भिंतीला वळसा, हे मला नंतर कळलं.)

रविवारी कॅमेरा निघाला तो थेट भिंतीत घुसला, घोड्याच्या पोटातून बाहेर पडला आणि सरदाराच्या छातीत शिरला. सरदार आतून पोकळ. नुसते दात आणि दोन बुबुळं हवेत! ग्रुप हसून लोळला. पुढच्या सिनेमाचा कॅमेरा दुसऱ्याच कुणाकडे गेला.

पल्लवी रडवेली झाली. “आई, तू काल कीबोर्ड पुसला न?”

“पुसला तं होता बाई,” ही खाली मान घालून म्हणाली.

मी वरणभात कालवत राहिलो.

परवा पल्लवी अमरावतीहून आली, तेव्हा दोघींना समोर बसवून सगळं सांगून टाकलं.

“मले माहीत हाय, बाबा,” ती म्हणाली. “दुसऱ्याच दिवशी समजलं. फाइलवर वेळ पडते. दुपारचे तीन. मी क्लासले, आई बाजारात. अन् ठिपके कसे, तर बगीचा लावल्यावानी. आता कोणाले विचारा लागते?”

“मंग बोलली कावून नाही?”

उत्तर हिनं दिलं. “मीच नाही म्हटलं तिले. त्या रविवारपासून तुमी सोताहून भांडे घासून राहिले. इतक्या लवकर कायले तोंड उघडाचं?”

मी तडक उठलो. या घरात यापुढं एकाही भांड्याला हात लावायचा नाही, असं पक्कं ठरवलं. ठरवून झालं तेव्हा अर्धी कढई घासून झाली होती.