बांधदेव आणि काशिराम मास्तर

काशिराम मास्तर गावातले पहिले मॅट्रिक आणि पहिले नास्तिक. पहिल्या गोष्टीचं गावाला कौतुक होतं, दुसरी गाव हसण्यावारी नेई. नोकरी पनवेलच्या शाळेत, घर मात्र गव्हाणच्या बाजूला, खाडीकाठच्या आगरी वस्तीत. खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध हाच तिथला मायबाप. त्याच्या टोकाला शेंदूर फासलेला एक धोंडा होता. तो बांधदेव.

दर उधाणाच्या आदल्या दिवशी घरटी एक माणूस अनवाणी बांधावरून देवापर्यंत जाई. वाटेत चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी पाडलेलं भोक दिसलं की चिखलाने बुजवायचं. देवाच्या वाटेला भोक ठेवलं तर देव कोपतो म्हणत. मग नारळ, मग प्रसाद.

मास्तरांना हे बघवेना. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं झाली, आणि माणसं धोंड्याला भिऊन बांध सांभाळतात! त्यांनी चावडीवर सभा घेतली.

"बांध देव नाय राखत, आपण राखतो. मंग भ्यायचं कशाला? समिती करू, पाळ्या लावू. एका उधाणाला एक घर बास."

पोरांनी टाळ्या पिटल्या. म्हातारे कुरकुरले, पण शिकलेल्या माणसापुढे बोलणार कोण? आणि खरं सांगायचं तर बांधदेव सुटला त्यात विचार थोडा होता, आळस जास्त. एक खेप वाचली याचंच पुष्कळांना बरं वाटलं.

वर्षभर सुरळीत चाललं. मग श्रावणी अमावास्येच्या उधाणाची पाळी खुद्द मास्तरांच्या घरावर आली. बांधावर जायच्या त्याच आदल्या दिवशी पनवेलच्या वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं, आधुनिक समाजात धर्माचं काय होणार यावर. निघताना त्यांना बांध आठवला होता, बरं का! एका खेपेनं काय बिघडतंय, असं म्हणून ते चालू लागले. देवाची भीती गेली की माणूस जबाबदार होतो, असं त्यांनी व्याख्यानात ठासून सांगितलं. लोकांनी हार घातला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

दुसऱ्या दिवशीच्या भरतीला बांध फुटला. पाणी घुसलं ते थेट हौसावयनींच्या शेतात. ही मास्तरांच्या चुलतभावाची विधवा. पदरात दोन पोरी आणि पोटाला तेवढाच तुकडा. पोटरीला आलेलं भात डोळ्यांदेखत करपलं. खारं पाणी मुरलेली जमीन पुढे कित्येक पावसाळे पिकत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"देव कोपला," गाव म्हणालं.

मास्तरांना वाटलं होतं, लोक तोंडावर थुंकतील. कुणी ब्र काढला नाही. शेवटी त्यांनीच चावडीवर सांगितलं, "पाळी माजी होती. मी गेलो नाय."

म्हातारा महादेव म्हणाला, "तुजा काय दोष, मास्तर? तुज्याकरून देवानंच चुकवला."

झालं! अपराध कबूल केला तर तोही देवाच्या खात्यात गेला. देव मानला असता तर मास्तर त्या दिवशी मोकळे झाले असते. पण त्यांच्यापाशी देव नव्हता, आणि म्हणून सगळा अपराध त्यांच्या एकट्याच्या वाट्याला आला. अन्न गोड लागेना. हौसावयनींच्या घरावरून जायचं टाळून ते लांबच्या वाटेने शाळेला जाऊ लागले.

समिती मोडली, बांधदेवाची वाट पुन्हा सुरू झाली. मास्तर सगळ्यांच्या मागे अनवाणी चालत, पुढच्यांच्या नजरेतून सुटलेली भोकं बुजवत. कोपरापर्यंत चिखल. मास्तर देवाला लागले, म्हणून गाव खूश झालं. गावाची ही समजूत त्यांना फसवणुकीसारखी टोचत असे, पण पुन्हा शहाणपण सांगायला तोंड कुठे होतं?

तिसऱ्या वर्षी देवापाशी हौसावयनींनी त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"खावा, भावजी. देवानं तुमाला माफ केला."

मास्तरांना राहवलं नाही. "देवाचं जाऊ दे, वयनी. तुमी केलाव का?"

हौसावयनींनी खाली, आपल्या शेताकडे पाहिलं. तिथे मातीवर पांढरं मीठ फुटलं होतं.

"माजा शेत अजून खारा हाय, भावजी," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला प्रसाद द्यायला वळल्या.