बंद होता होता चाललेलं दुकान

कॅमेरा अक्का दुकान बंद करणार, ही बातमी मी पुण्याहून बेंगळुरूत आलो त्याच आठवड्यात ऐकली. त्यानंतर माझं लग्न झालं, पोरगी कॉलेजात गेली, डोक्यावरचे केसही गेले. अक्काचं दुकान आपलं बंद होतच होतं.

चामराजपेटेतलं ते दुकान इतकं अरुंद, की आतल्यानं शिंकायचं ठरवलं तर बाहेरच्यानं आधी बाजूला व्हावं. अक्का निपाणीकडची. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, माल विकून मोकळी होईल. ती कॅमेरे उघडायला शिकली. पावसाळा सरला की बुरशी धरलेल्या लेन्स पुसून गच्चीवर उन्हात मांडायची. शेजारीही वाळवणं असत. एका लेन्सनं शेजारणीचा पापड जागच्या जागी भाजून दिला, असं मी सगळ्यांना सांगतो. अक्का म्हणे, दोन भाजले.

नवं गिऱ्हाईक यायचं, तासभर कॅमेरा हाताळायचं आणि तिच्याच पायरीवर उभं राहून तो मोबाइलवर मागवायचं. चार दिवसांनी खोकं घेऊन परत हजर, अक्का, हे चालू कसं करायचं? ती शिकवायची. माझाच संताप व्हायचा. "लग्नाला बोलावलं न्हाई म्हणून बारशाला जाऊ नये होय, ओ पुणेकर?" ती म्हणायची.

बंद पडलेला कॅमेरा सुरू झाला, की समोर भाजीवाला असो नाहीतर पोलीस, पहिला फोटो त्याचा. मग खूश होऊन म्हणायची, "सरी झालं बगा, बोलाय लागला." त्या दिवशी चहा दोनदा.

अलीकडे मात्र ते दिवस कमी झाले. स्क्रू असे, की मुंगीनं चमकी म्हणून नाकात घालावेत, आणि अक्काचा हात थरथरायला लागलेला. एखादा सांडला की दुपार त्याला शोधण्यात जायची. इलेक्ट्रॉनिक सिटीतली लेक रोज फोनवर सांगायची, आई, पुरे झालं, इकडे ये. जायचं अक्कालाही होतं. पण बंद करते म्हणाली, की अर्ध्या शहराला माळ्यावरचा कॅमेरा आठवायचा. शेवटचा एवढा करून द्या, अक्का. ढीग पडायचा, आणि तो उपसेपर्यंत पुढचे सहा महिने. नाही म्हणा, असं मी शंभरदा सांगितलं.

"दारात आलेल्याला नको म्हणाय तोंड उठत न्हाई. आणि लोकांचं सामान आत ठेवून कुलूप घालू होय?"

यंदा उन्हाळ्यात एका दुपारी गेलो, तर काउंटर रिकामं. अक्कानं हलक्या आवाजात सांगितलं, सगळ्यांचं देऊन झालंय, यावेळी कुणाला बोलले नाही, आज बंद करते. हे मला सांगितलं. ज्याच्या कानात पडलेली गोष्ट त्याच्याआधी चिकपेटेत पोचते, त्याला.

तेवढ्यात स्कूटर थांबली. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक अनोळखी माणूस आत डोकावला, कॅमेरा अक्का आहेत का? अक्काचा हात चष्म्याकडे गेलेला मी पाहिला.

मी मधे पडलो. मोडक्या कन्नडात ठोकून दिलं, की अक्का धर्मस्थळाला गेल्यात, पायी गेल्यात, कधी येतील नेम नाही. या त्यांच्या बहीण, यांना कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. त्यानं बहिणीकडे बघितलं, कॅमेरा पुढे केला आणि विचारलं, जरा बघता का?

अक्का बराच वेळ त्या कॅमेऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गोत्तिल्ला." मला ठाऊक नाही.

तो गेला. अक्कानं कुलूप घातलं, एकदा ओढून बघितलं. मी तिला लेकीकडे सोडायला रिक्षा केली. 

वाटेत ती म्हणाली, "पाच मिन्टाचं काम असणार ओ त्याचं."

पुढच्या सिग्नलला बघितलं, तर अक्का झोपली होती. मी रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, अण्णा, स्वल्प सावकाश.