बाबांच्या बॅगेची गाठ

दुसऱ्याच्या बॅगेत काय आहे हे मला कायम जाणून घ्यायचं असतं. ही सवय चांगली नाही, हे घरच्यांनी मला अनेकदा सांगून झालंय. विमानतळावर पट्ट्यावरून बॅगा फिरत येतात, तेव्हा माझी बॅग हाती आली तरी मी दोन मिनिटं रेंगाळते. कोणी हँडलला लाल ओढणीची चिंधी बांधलेली असते, कोणी जुन्या चादरीचं कव्हर शिवलेलं असतं. एकाने तर पुठ्ठ्याच्या खोक्यावर इतकी चिकटपट्टी मारली होती की ते घरी उघडता उघडता त्याची सकाळची दुपार झाली असेल. काही बॅगांना मात्र कुलूपच नसतं. त्यांच्या मालकांचं मला सगळ्यात जास्त नवल वाटतं.

पण गेल्या हिवाळ्यात ज्या बॅगेने मला छळलं, ती आमच्याच घरातली होती.

माझे बाबा उमरेडला हातमागावर विणायचे. माग विकून नागपुरात आल्याला आता बरीच वर्षं झाली. हुडकेश्वरला आम्ही दोघंच राहतो, आणि मी मिहानमधल्या ऑफिसात जाते म्हणजे दिवसभर ते एकटेच. ताई बंगळुरूला असते. बाबांना आता माझ्याकडेच ठेवते, असं टुमणं तिने फोनवर लावलं होतं. तिकडे नात आहे, डोळ्यांचा चांगला डॉक्टर आहे, सोबत आहे. तिचं काही चुकत नव्हतं, म्हणूनच मला राग यायचा. बाबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. शेवटी पंधरा दिवसांसाठी जाऊन यायचं ठरलं. मी त्यांना सोडून चार दिवसांत परतणार होते. त्यांचं परतीचं तिकीट ताई नंतर काढणार होती, आणि ते 'नंतर' मला टोचत होतं.

बॅगेची चेन बिघडली होती म्हणून आम्ही सक्करदऱ्याला बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने नवीन रनर बसवला. मी त्याच्याकडे चांगलं कुलूप मागितलं तर तो हसला.

"कुलूप कशाले, ताई? हे पाहा," म्हणत त्याने खिशातलं बॉलपेन काढलं आणि बंद चेनच्या दातांत खुपसलं. चेन फाटल्यासारखी उघडली. मग दोन्ही रनर धरून त्याने त्या जागेवरून एकदा पुढेमागे फिरवले, आणि चेन होती तशी बंद झाली. कुलूप लावलेलं असतं तरी त्याला हात लागला नसता. मी तोंडात बोट घालून पाहत राहिले आणि त्याला ते आणखी दोनदा करून दाखवायला लावलं.

बाबा त्या रनरकडे निरखून पाहत होते. स्कूटरवर मागे बसल्यावर म्हणाले, "रनर हलले म्हणून चेन वापस लागली. ते हललेच नाही तं?"

घरी आल्यावर त्यांनी ते करून दाखवलं. दोन्ही रनर एकत्र आणले, पांढरा सुती दोरा चौपदरी करून त्यांच्या भोकांतून ओवला, आणि तोच दोरा बॅगेच्या बाजूच्या हँडलखालून घेऊन गाठ मारली. मागावर तुटलेली तार, म्हणजे सुताचा धागा, जोडतात ती गाठ, बारीक आणि चपटी. टोकं कात्रीने मुळाशी छाटली.

"आता पेन खुपसून उघडंन कोणी. पण बंद नाही करता येणार त्याले. कुलूप चोराले थांबवत नाही वं, आपल्याले झोप येते बस. हे मले सांगंन तरी, का कोणी हात लावला."

हे ऐकून मला कौतुक वाटलं. दोन दिवसांनी मात्र त्यांनी खोलीचं दार लावून बॅग भरली आणि ती बांधूनच बाहेर आणली.

"बाबा, काय भरलं एवढं?"

"कपडे."

पंधरा दिवसांच्या कपड्यांना एवढं वजन नसतं. मी ती उचलून पाहिली, हलवून पाहिली, एका बाजूने दाबून पाहिली. आत काहीतरी लांब आणि कडक होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा केस कापायला गेले आणि मी कात्री घेऊन बॅगेपाशी बसले. तेव्हा ती नुसती उत्सुकता नव्हती. मला भीती वाटत होती, हे आता सांगायला हरकत नाही.

दोरा कापला. आत तीन स्वेटर होते. दवाखान्याची सगळी कागदपत्रं होती, अगदी जुन्या चष्म्याच्या चिठ्ठीपर्यंत. आणि मधोमध, धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला, मागावर आडवा धागा नेणारा त्यांचा धोटा. माग विकला तेव्हा बाबांनी एवढा धोटा मागे ठेवला होता. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या असलेलं ते गुळगुळीत लाकूड त्यांच्या उशाच्या कपाटातून कधी बाहेर आलेलं मला आठवत नव्हतं. पंधरा दिवसांसाठी कोणी धोटा नेत नाही. मी तिथेच फरशीवर बसून रडले.

मग डोळे पुसून सगळं जसंच्या तसं ठेवलं. बाबांच्या डब्यातला तोच दोरा घेतला, चौपदरी केला, ओवला. ती गाठ मी शाळेत जाण्याआधी शिकले होते, माझी बोटं लहान म्हणून तुटलेल्या तारा बाबा मला जोडायला द्यायचे. इतक्या वर्षांत एकदाही मारली नव्हती. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा बसली. टोकं छाटली आणि स्वतःच्या हुशारीवर मी बरीच खूश झाले.

विमानात बाबांनी खिडकीवरून नजर हलवली नाही. मी बॅगेचा विषय काढला असता तर भांडण झालं असतं.

ताईच्या घरी चहा झाल्यावर त्यांनी बॅग जवळ ओढली, गाठीवर अंगठा फिरवला आणि थांबले.

"बॅग उघडली होती कोणीतरी."

ताई उठलीच. "तरी मी म्हणत होते, कुलूप लावा म्हणून. सामान चढवणाऱ्यांचंच काम हे. थांबा, मी तक्रार करते." तिने फोन हातात घेतला.

"त्यायचं नाव काहून घेतं?" बाबा म्हणाले. "ही आपली मागावरची गाठ आहे. आन् उलटी आहे. डाव्या हातानं मारलेली."

घरात डावखुरी मी एकटीच. ताईने माझ्याकडे पाहिलं, बाबांनी पाहिलं नाही.

"मीच उघडली, बाबा."

"काहून?"

"तुम्ही परत येणार की नाही, ते पाहायला."

बाबांनी दोरा चाचपत एकेक सांगितलं. इकडे थंडी असते असं ताई म्हणाली होती म्हणून स्वेटर. डॉक्टरला दाखवायला कागद. आणि नातीने फोनवर विचारलं होतं, आजोबा, कापड कशानं बनतं, म्हणून धोटा.

"मग मला दाखवलं का नाही?"

"तू वजन जास्त होते म्हणून काढून ठेवलं असतं."

ते खरं होतं. मी नक्की काढून ठेवलं असतं.

बाबांनी गाठीला नखाने जरासा झटका दिला. ती सुटली.

"ढिली मारली. लहानपणी चांगली मारत होती तू, आता हात बिघडला तुहा. हे काही एका दिवसात सुधरत नाही." मग ते ताईकडे वळले. "मोठे, माहं वापसीचं तिकीट काढून टाक वं."

ताईने फोनवर तक्रारीचा फॉर्म उघडला होता. तो बंद करून ती तिकिटं पाहायला लागली.