चावडीवरच्या रेडिओचं जू

पाथरीपासून तीन कोसांवरच्या त्या गावात मी पोचलो, तेव्हा चावडीतल्या रेडिओच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि रेडिओ मुका होता.

आमचा मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. मी नुकताच बी.ए. झालो होतो. माझ्याआधी आमच्या घरात चौथीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. शाळेतल्या एका गुरुजींनी मला आपल्या ओसरीवर राहू दिलं, आईनं गावाहून दर आठवड्याला भाकरी पाठवल्या, म्हणून मी शिकलो. विकास गटात समाजशिक्षणाची नोकरी लागली तेव्हा वाटलं, आता हे सगळं फेडायची वेळ आली. गावोगाव सरकारी रेडिओ बसवायचे आणि ते चालवायला लोकांना शिकवायचं, हे माझं काम. हे गाव माझं पहिलं.

तीन आठवड्यांपूर्वी मीच तिथं रेडिओ बसवून गेलो होतो. बांबूला तार बांधली होती, मुंबई केंद्र लावून दिलं होतं. बॅटरी तीन महिने पुरायला हवी होती. ती संपली कशी?

"तुम्ही तो बंद करत नव्हता का?" मी पाटलांना विचारलं. पाटील साठीचे, पांढराशुभ्र पटका, गावात शब्दाला वजन.

"बंद?" पाटलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही तरी वंगाळ बोललो. "माणूस बोलायलाय, आन् मधीच त्याचा कान पिळून गप करावं? पाव्हणा हाय त्यो, बीए साहेब. मुंबईहून आलेला."

"पण एकाचं झाल्यावर?"

"एकाचं झालं की दुसरा सुरू. दुसऱ्याचं झालं की गाणं. गाणाऱ्याला कसं उठवावं?"

"आणि सगळं संपल्यावर?"

कोपऱ्यातला एक शेतकरी म्हणाला, "मंग पाव्हणा घोरायला लागला. लय घोरतो. आमी पाय न वाजवता उठून गेलो."

केंद्र बंद झाल्यावर रेडिओतून जी खरखर येते, तिला ते घोरणं समजले होते. रोज रात्रभर ती खरखर बॅटरी खात होती आणि गाव पाहुण्याची झोप मोडू नये म्हणून जपून चालत होतं.

मी गटाच्या कचेरीत जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. साहेब हसले नाहीत. "एक बॅटरी देतो, शेवटची. पंधरा दिवसांनी मी स्वतः येईन. गाव आपल्या हातानं रेडिओ लावताना आणि बंद करताना दिसलं तर ठीक. नाही तर सेट उचलायचा आणि दुसऱ्या गावाला द्यायचा. मागणारी पुष्कळ आहेत."

त्या गावानं चावडी सारवून, कोनाडा रंगवून त्या पेटीला जागा केली होती. ती उचलून नेताना त्यांच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत झाली नसती.

मी एक कागद तयार केला. पदवीचा सगळा जोर त्यात ओतला. "प्रथम विद्युत्-कळ उजवीकडे फिरवावी. तदनंतर ध्वनिनियंत्रक कळ आवश्यकतेनुसार..." असे एकोणीस नियम. सुंदर अक्षरात लिहून तो चावडीच्या भिंतीवर चिकटवला आणि दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला. लोकांनी मान डोलावून ऐकला. शेवटी एकानं विचारलं, "ह्याला चाल कुठली लावायची?"

मग मी एकेकाचा हात धरून बटणापाशी नेला. हात बटणाला लागला की गळून पडे. आवाज फार झाला तर लोक बटण सोडून पेटीलाच विनवत: "जरा हळू बोला, मालक. लेकरं भ्यायलेत." पेटी ऐकत नसे. "ऐकू कमी येतंय वाटतं त्येला," असा निकाल लागला. माझा मात्र रोज एक दिवस कमी होत होता. मी संध्याकाळी सायकलवर जाई, रेडिओ लावी, बंद करी आणि परत येई. म्हणजे रेडिओ मीच चालवत होतो, गाव नव्हे.

पाच दिवस उरले असताना माझ्या सायकलचं चाक बसलं. पाथरीहून गावाकडे ती ढकलत चाललो होतो, तेवढ्यात मागून बैलगाडी आली. गाडीवर त्याच गावच्या आक्का होत्या. नवरा गेल्यापासून शेत त्या एकट्या बघत, गाडीही स्वतःच हाकत. बाईमाणसानं गाडी हाकणं कित्येकांना खटकायचं, पण तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती.

"चढा, बीए. लोखंडाचं घोडं टाका मागं," त्या म्हणाल्या.

गाडीत बसून मी माझी सगळी रड सांगितली. आक्का ऐकत होत्या, पण लक्ष बैलांवर होतं. एक नांगरलेला तुकडा ओलांडून गाडी पुन्हा रस्त्याला लागायची होती. त्यांनी कासरा किंचित डावीकडे ओढला, मग किंचित सोडला, तोंडानं "हां... हां..." केलं आणि दोन्ही चाकं जुन्या चाकोरीत अलगद उतरली. गाडीचा खडखडाट थांबला.

"त्या पेटीला बटणं किती?" त्यांनी एकाएकी विचारलं.

"तीन. एकानं सुरू-बंद होतो. एकानं आवाज कमी-जास्त. तिसऱ्यानं केंद्र सापडतं. ते जरा नाजूक आहे, इकडे-तिकडे करत बरोबर जागेवर आलं की खरखर थांबते."

आक्का हसायला लागल्या. हसता हसता कासरा हातातून सुटायची पाळी आली.

"आवो, मंग एकोणीस कलमं कशाला लिवलीत? हे जू," त्यांनी पुढं बोट दाखवलं. "आधी ठिवायचं, शेवटाला उतरवायचं. हा कासरा. सैल सोडला की पळतंय, ओढला की हळू. आन् तिसरी ही चाकोरी. चाक उतरंपतूर खडखड व्हनारच."

मी तिन्ही बोटांवर मोजून पाहिलं.

"आन् पोटात बॅटरी हाय ती वैरण," त्या म्हणाल्या. "तुमी पाव्हणा आणून बसवला म्हणून गाव भ्यालं. पाव्हण्याचा कान कोण पिळंल?"

त्याच संध्याकाळी, पुरुषमंडळी चावडीत जमल्यावर, आक्का बाहेर लिंबाखाली बायकांत उभ्या राहिल्या आणि तिथूनच गरजल्या, "पाटील! त्यो पाव्हणा न्हाई, बैल हाय! रातभर जुवाला बांधून ठिवलाय तुमी त्येला. पाप लागंल!"

पाहुण्याचं घोरणं सांगणाऱ्या त्या शेतकऱ्यानं हळूच विचारलं, "खरंच का ओ, बीए?"

"खरंच," मी म्हणालो, आणि भिंतीवरचा कागद काढून घडी करून खिशात घातला.

पुढचे चार दिवस चावडीत जत्रा होती. जो तो येऊन जू ठेवी, चाकोरी शोधी, कासरा ओढी. "अरं, हळू! नवं खोंड हाय का त्ये?" "उतरलं, उतरलं चाक! बोलायलाय बघ मुंबई!" फक्त पाटील बटणाला हात लावत नव्हते. त्यांच्या मनातून पाहुणा गेला नव्हता.

पुढे कित्येक वर्षांनी, निवृत्तीनंतर, मी परभणीत संगणकाच्या वर्गाला बसलो. शिकवणारी मुलगी सांगत होती, यंत्राशी व्यवहार करायच्या अनेक तऱ्हा असतात. कुठे हुकूम अक्षरात लिहून द्यावा लागतो, कुठे यादीतून निवडायचं असतं, कुठे चित्राला बोट लावायचं, कुठे नुसतं तोंडानं सांगायचं. पडद्यावर टेबल, फायली, कचऱ्याची टोपली अशी चित्रं असतात, कारण त्या वस्तू माणसाला आधीपासून ठाऊक असतात. मी हात वर करून म्हणालो, "आमच्याकडे बैलगाडी होती." पोरंपोरी हसली. मीही हसलो. लिहिलेला हुकूम, तोंडी विनवणी आणि ओळखीची वस्तू, हे तिन्ही मी एकाच चावडीत पंधरा दिवसांत पाहिलं होतं.

तर त्या गावात पंधराव्या दिवशी संध्याकाळी साहेबांची जीप आली. सारं गाव जमलं. साहेबांनी तिन्ही बटणं मुद्दाम वेडीवाकडी फिरवून ठेवली आणि चावडीवर नजर टाकली. दहा जण पुढे सरसावले. साहेबांनी त्यांना हातानंच थांबवलं.

"पाटील, तुम्ही लावा."

पाटील उठले. पटका सारखा केला. पहिलं बटण फिरवलं. काचेमागे दिवा लागला. मग चाकोरी. पेटी खडखडली, किंचाळली, कुठल्या तरी परक्या भाषेत बोलली. पाटलांचे ओठ हलत होते. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं: "हां... हां... राजा..." आणि एकदम स्वच्छ मराठीत कोणी तरी रब्बी ज्वारीच्या पेरणीबद्दल बोलू लागलं. पाटलांनी कासरा ओढून आवाज बेताचा केला.

"छान," साहेब म्हणाले. "आता बंद करा."

आतला माणूस अजून बोलत होता. बियाणं किती खोल पडावं, हे सांगत होता. पाटलांचा हात बटणावर गेला आणि तिथंच थांबला. साहेबांनी खिशातून वही काढली.

लिंबाखालून आक्कांचा आवाज आला. ओरडून नव्हे, समजुतीनं. "पाटील, दमलाय त्यो. सोडा आता."

पाटलांनी दोन्ही हात जोडले. पेटीला वाकून म्हणाले, "रामराम. उद्या या." आणि जू उतरवलं.

साहेब आता मात्र हसले. वहीत त्यांनी काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण जीप गेली ती मोकळी गेली. रेडिओ कोनाड्यातच राहिला. त्या दिवशी चावडीत गुळाचे खडे वाटले. एक खडा रेडिओपुढेही ठेवला गेला. तो पाटलांनीच ठेवला असणार.

पुढच्या महिन्यात मला पूर्णेच्या काठचं एक गाव मिळालं. सगळी मासेमारी करणारी घरं. गाडी-बैल नावालाही नव्हते. पेटी खाली ठेवली आणि खिशातला कागद न काढता मी एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, तुमी नाव कशी चालवता, सांगा बरं."

म्हाताऱ्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "तोंडानं सांगू व्हय?" तो म्हणाला. "चला, बसा नावंत. पॅन्ट वर करा आधी."