झाकलेला पाय

स्पिरिटचा वास नाकात गेला की माझी उजवी नडगी ठणकते. काल बेळगावच्या दवाखान्यात आप्पांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, खाटेजवळ उभी होते आणि तोच वास आला.

हा वास पहिल्यांदा आला तेव्हा मी नववीत होते. बोरगावात तंबाखूच्या ट्रॉलीवरून पडून नडगी मोडली होती. वडील नव्हते, घरात आप्पांचा शब्द शेवटचा. निपाणीचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करून सळी घालू, पाय सरळ होईल." आप्पांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि हसले. "सळी कशाला? पट्टी बांधून टाका. पोरीचा पाय, लुगड्यात झाकतोय." आईनं माझा हात इतका दाबला, की तिच्या बांगड्या मला रुतल्या.

पाय वाकडाच जुळला. आप्पा अडाणी म्हणून तसं बोलले, असं मी इतकी वर्षं समजत होते. पण परवा घसरून त्यांचीच नडगी मोडली, तेव्हा "नुसत्या पट्टीनं पाय वाकडा जुळतोय, ह्ये मला पहिल्यापासनं ठावं हाय, सळीच घाला" म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या मागं लकडा लावला. म्हणजे त्यांना तेव्हाही सगळं कळत होतं.

काल ऑपरेशनला नेताना त्यांनी माझा हात धरला. "पाय वाकडा तर ऱ्हाणार न्हाय न्हवं गं?"

मी हात सोडवून घेतला.

"ऱ्हाऊ दे की आप्पा. धोतरात झाकतोय."